किरण कुणीकडे वळला

धाकटीनं तो आलेख पहिल्यांदा मोठीच्या टेबलावर ठेवला तेव्हा मोठीनं तो हातातसुद्धा घेतला नाही. चष्म्याच्या वरून एकदा पाहिला आणि म्हणाली, "उलटा ठेवलायस."

"सरळच आहे, मॅडम."

"मग तुझं यंत्र उलटं आहे. जा, नीट करून आण."

धाकटी गेली, पण नीट करण्यासारखं काही नव्हतंच. तिनं तेच मोजमाप दिवसभरात आणखी चार वेळा केलं आणि चारही आलेख पहिल्याच्या शेजारी मांडून ठेवले. मोठी तेव्हा जेवायला गेली होती. परत आल्यावर तिनं पाचही कागद गोळा केले, पालथे केले, आणि त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर घरच्या बाजाराची यादी लिहिली. संध्याकाळी ती यादी तिनं धाकटीच्याच हातात दिली. "जाताना घेऊन ये. साबण विसरू नकोस."

या दोघी सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या आणि एकाच संशोधनसंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर काम करायच्या. मोठी पंचावन्न वर्षांची, विद्युत-रसायन विभागाची प्रमुख. धाकटी तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. तिचं शिक्षण प्रकाशशास्त्रातलं, लेसरवरचं. विभागाला लेसर जाणणारं माणूस हवं होतं तेव्हा मोठीनंच तिचं नाव सुचवलं होतं आणि हे ती दर पंधरा दिवसांनी एकदा तरी ऐकवायची. घरात धाकटी तिला 'ताई' म्हणायची, संस्थेत 'मॅडम'. मोठी एरवी 'तू' म्हणायची, पण संस्थेत फार चिडली की 'तुम्ही'वर यायची. जिन्यातून 'तुम्ही' ऐकू आलं की दुसऱ्या मजल्यावरची माणसं आपापली दारं लोटून घ्यायची.

भांडणाचं मूळ होतं मोठीचा काळा लेप. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लोखंड सडतं, ते सडू नये म्हणून पत्र्यावर द्यायचा एक पातळ थर तिनं बारा वर्षं खपून तयार केला होता. तिचं म्हणणं असं की, या लेपाला विजेचा किंचित दाब दिला की तो पाण्यातले ऋणभारी कण स्वतःत ओढून घेतो, त्यांनी भरून जातो आणि खालच्या लोखंडाला पाण्याचा उपद्रव पोचू देत नाही. यावर तिचे सात निबंध छापून आले होते. एका बंदरातल्या नव्या धक्क्याचे लोखंडी खांब हाच लेप देऊन उभे करायचं ठरत होतं. संस्थेचं शिफारसपत्र तेवढं जायचं राहिलं होतं.

तो लेप खरंच मोठी म्हणते तसा वागतो का, हे धाकटी किरणानं तपासत होती. काचेच्या चौकोनी भांड्यात खारं पाणी, त्यात लेप दिलेला पत्रा उभा. पत्र्याला अगदी लागून, केसाच्या जाडीएवढं अंतर ठेवून, लेसरचा लाल किरण सोडायचा. तापलेल्या डांबरी रस्त्यावर दुपारी मृगजळ दिसतं, कारण रस्त्यालगतची हवा विरळ होते आणि उजेड दाट हवेकडे वळतो. इथं तोच प्रकार पाण्यात. पत्र्यानं पाण्यातले कण ओढून घेतले, तर त्याच्याजवळचं पाणी विरळ होणार आणि किरण पत्र्यापासून दूर वळणार. उलट, पत्र्यातूनच काही पाण्यात उतरायला लागलं तर जवळचं पाणी दाट होणार आणि किरण पत्र्याकडे झुकणार. हे वळण इतकं बारीक की नुसत्या नजरेला कळत नाही. म्हणून दोन हात पलीकडे प्रकाश टिपणारा डोळा बसवलेला, मधोमध दुभागलेला. किरण ज्या बाजूला सरकेल त्या अर्ध्यातून जास्त वीज येते आणि पडद्यावरची रेघ वर तरी जाते, नाहीतर खाली. वर म्हणजे पत्र्यापासून दूर, खाली म्हणजे पत्र्याकडे.

मोठीचं खरं असतं तर रेघ वर जायला हवी होती. पाचही वेळा ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं तोंडावरच सांगून टाकलं. "किरण पत्र्याकडे वळतोय, मॅडम. पत्र्यातून काहीतरी बाहेर पडतंय. लोखंड विरघळतंय."

"लेपाखालून?"

"लेपातून. त्याला बारीक छिद्रं असणार."

"मी पत्रे तोलले आहेत. दोनशे तास खाऱ्या पाण्यात ठेवून तोलले आहेत. वजन एका कणानं कमी भरलं नाही. लोखंड विरघळलं असतं तर कुठं गेलं असतं? तुझ्या आलेखात?"

"ते मला माहीत नाही. किरण काय करतो एवढंच मला माहीत आहे."

"किरण!" मोठी म्हणाली. "भांड्याला शेजारच्या खोलीतल्या पंख्याचा हादरा बसला तरी तुझा किरण नाचतो. काल कुणीतरी शिंकलं तेव्हाही तुझी रेघ हलली होती. त्याच्या जिवावर तुम्ही माझी बारा वर्षं खोडायला निघालात?"

'तुम्ही' आलं होतं. समोरच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज झाला.

त्यानंतरचे दीड महिने वाईट गेले. मोठीनं लेसरच्या खोलीची किल्ली स्वतःकडे घेतली. हवी असेल तेव्हा मागायची आणि कशासाठी ते सांगायचं. धाकटी मागायची आणि दर वेळी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तेच कारण सांगायची: "लोखंड विरघळतंय का बघायचंय." मोठीनं विभागाच्या बैठकीत धाकटीला बोलायची वेळ दिली नाही. धाकटीनं बैठकीनंतर जिन्यात उभं राहून जो भेटेल त्याला आलेख दाखवले. घरी दोघी एकाच ओट्यापाशी पाठीला पाठ लावून काम करायच्या आणि भांडी जरा जास्तच जोरानं खाली ठेवायच्या. मोठीचा नवरा, थोरला, हा मुळातच शांत माणूस. जेवण झालं की बुद्धिबळाचा पट घेऊन आपल्या खोलीत जायचा आणि स्वतःशीच खेळायचा.

मध्ये सापडला होता धाकटीचा नवरा. लहानपणी घरातलं दिसेल ते बटण खाली-वर करून पाहायचा, म्हणून त्याचं नाव 'खटका' पडलं होतं आणि छत्तीस वर्षांचा झाला तरी ते सुटलं नव्हतं. तो त्याच संस्थेत तळमजल्यावर यंत्रदुरुस्ती करायचा. त्याची आई तो सहा वर्षांचा असताना गेली आणि पुढच्या वर्षी मोठी या घरात सून म्हणून आली. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या परीक्षांना बरोबर जाऊन शाळेबाहेर उभं राहण्यापर्यंत सगळं तिनं केलं होतं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे.

"जरा दमानं घे," तो बायकोला म्हणायचा. "तिचं वय बघ."

"लोखंडाला तिचं वय माहीत आहे का?"

"तू तिला पाण्यात पाहतेस."

"मी पत्रा पाण्यात पाहते. आणि तुझी वहिनी मला किल्ली देत नाही."

 वहिनीकडे गेला तर तिथंही तेच. "तुझ्या बायकोला सांग, घरातलं मीठ संपलंय, सगळं तिनं माझ्या जखमेवर चोळलं," असं म्हणून मोठी हसायची, पण ते हसणं ओठांच्या पुढे जात नसे.

मग धाकटीनं जे केलं ते चांगलं नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं. मोठी तापानं चार दिवस घरी पडली होती. धाकटीनं सकाळी तिला चहा करून दिला, औषधाच्या गोळ्या हातावर ठेवल्या, कपाळाला हात लावून पाहिला आणि संस्थेत जाऊन थेट संचालकांना पत्र लिहिलं. आलेख जोडले. 'धक्क्याच्या खांबांसाठी या लेपाची शिफारस करणं धोक्याचं आहे' असं स्पष्ट लिहिलं. विभागप्रमुखांना डावलून असं पत्र पाठवायचं नसतं. संध्याकाळी घरी येऊन तिनं पुन्हा चहा केला.

मोठीला ते पाचव्या दिवशी कळलं.  दुसऱ्या दिवशी ती लेसरच्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या कपाळावर हात ठेवून गेलीस तू. ताप उतरू नये म्हणून पाहत होतीस का?"

"तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत."

"नाही दिलं. देणारही नव्हते. पण मी तुला तोंडावर नाही म्हटलं होतं, तू आजारी असताना पाठीमागून नाही." ती टेबलाच्या कडेवर हात टेकून उभी राहिली. "आता ऐका. संचालक गुरुवारी येताहेत. त्यांच्यासमोर होऊन जाऊ दे. माझा लेप, तुमचा किरण. आणि तांबं. तांबं केल्याशिवाय मी काहीही मानणार नाही."

तांब्याची तपासणी ही या कामातली साधी, जुनी पद्धत. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्यात तांब्याची पट्टी ठेवायची. विजेचा दाब एका दिशेनं दिला की पाण्यातलं तांबं पट्टीवर चढतं, पाणी विरळ होतं, रेघ वर जायला हवी. दाब उलटा केला की तांबं पट्टीवरून पाण्यात उतरतं, रेघ खाली जायला हवी. यात वादाला जागाच नाही. यंत्र सुलटं आहे की उलटं, ते तांबं लगेच सांगतं. धाकटी रोज काम सुरू करण्याआधी ते करून पाहायची. बुधवारी संध्याकाळीही तिनं केलं. रेघ वर जायची तिथं वर गेली, खाली जायची तिथं खाली.

गुरुवारी सकाळी खटका वर आला. "तुझ्या त्या जोडडब्यातून घरघर येत होती म्हणालीस ना? बघून ठेवतो. साहेबांसमोर नको व्हायला." प्रकाशाच्या डोळ्यातून येणाऱ्या तारा ज्या डब्यात जायच्या तो त्यानंच बनवलेला होता. धाकटीला बरं वाटलं. दीड महिन्यात त्यानं पहिल्यांदाच आपल्या बाजूनं काही केलं, असं तिच्या मनात आलं. ती खाली पत्रा घासायला गेली.

संचालक अकराला आले. उंच आणि सदा घाईतला माणूस. खुर्चीत बसला तरी उठायच्या बेतात असल्यासारखा दिसायचा. त्यांच्याबरोबर विभागातले चौघे-पाचजण भिंतीला टेकून उभे राहिले. भांडणाची बातमी सगळ्यांना होती. इतकी माणसं एरवी लेसरच्या खोलीत कधी आली नव्हती.

"आधी तांबं करून दाखवते," धाकटी म्हणाली.

"ते नंतर," संचालक म्हणाले. "मला पाऊण तासात दुसरीकडे जायचंय. मुख्य काय ते दाखवा."

धाकटीनं पत्रा बसवला. किरण पत्र्यालगत आणला, रेघ मध्यावर स्थिर होऊ दिली. तिला भीती वाटत नव्हती. हे तिनं शंभरदा केलं होतं. तिनं दाब चढवला.

रेघ वर गेली.

तिनं दाब काढला, थांबली, पुन्हा चढवला. रेघ पुन्हा वर गेली, स्वच्छ, डोंगरासारखी. भिंतीपाशी कुणीतरी घसा साफ केला.

"वर म्हणजे?" संचालकांनी विचारलं.

"वर म्हणजे पत्र्यापासून दूर," मोठी म्हणाली. ती खोलीच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. "म्हणजे लेप कण ओढून घेतोय. सात निबंधांत लिहिलंय तसा."

"हे... असं कधी आलं नव्हतं," धाकटी म्हणाली.  "मला तांबं करू द्या. कुठंतरी काहीतरी—"

"झालं की आता," संचालक उठले. "तुमच्याच यंत्रावर, तुमच्याच हातानं केलंत. मॅडम, शिफारसपत्र पाठवून द्या. आणि ताईंनो, घरची भांडणं घरी ठेवत चला."

कुणीतरी हसलं. धाकटीचे कान तापले. तिनं खाली मान घातली आणि दाबाचं बटण शून्यावर आणलं.

"बसा," मोठी म्हणाली.

संचालकांना वाटलं ती धाकटीला म्हणाली. ते दाराकडे निघालेच होते.

"तुम्हाला सांगतेय. बसा. तांबं राहिलंय."

"अहो, पण तुमचंच खरं ठरलंय!"

"उद्या ही म्हणेल, तांबं करू दिलं नाही. परवा पत्र लिहील, तेरवा जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगेल. मला हे आजच्या आज संपवायचंय." ती पुढे झाली, धाकटीला कोपरानं बाजूला केलं आणि पत्रा उचलला. "मोरचुदाचं भांडं कुठं आहे? द्या इकडे. मी स्वतः करते."

तिनं स्वतः केलं. बारा वर्षांपूर्वी ती हेच काम हातानं करायची, ते दिसत होतं. पट्टी घासून चकचकीत केली, बसवली, किरण जवळ आणला. तांबं चढावं असा दाब दिला आणि धाकटीकडे पाहून म्हणाली, "आता वर जाईल. बघून ठेवा."

रेघ खाली गेली.

 मोठीनं दाब उलटा केला. तांबं विरघळायला लागलं. पट्टीजवळ पाण्याचा निळा रंग किंचित गडद झाला. रेघ वर गेली. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग तिनं प्रकाशाच्या डोळ्याखालचा स्क्रू हातानं थोडा फिरवून डोळाच सरकवून पाहिला. रेघ जायला हवी त्याच्या उलटीकडे पळाली.



"म्हणजे काय?" संचालकांनी विचारलं.

"म्हणजे मघाशी पाहिलंत ते उलटं वाचायचं." मोठीचा आवाज कोरडा होता. "यंत्र उलटं लागलंय."

"म्हणजे त्या बरोबर?"

"ते मी सांगेन. आज नाही. आज शिफारसपत्र जात नाही, एवढंच सांगते. आता तुम्ही गेलात तरी चालेल."

संचालक गेले. बाकीचेही हळूहळू सरकले. मोठीनं टेबलावरून पेचकस उचलला आणि जोडडब्याचं झाकण उघडलं. आत लाल तार पिवळ्याच्या जागी होती, पिवळी लालच्या. दोन्ही जोडांवरचं कथलाचं झाळण नवंकोरं, चकाकणारं, एवढंसं आणि गोल. संस्थेत इतकं नेटकं झाळणारा एकच माणूस होता.

धाकटीनं ते पाहिलं. मोठीनंही पाहिलं. दोघी एकमेकींकडे न पाहता जिना उतरल्या.

खटका दुरुस्तीच्या खोलीत एक पंप उघडून बसला होता. दोघींना एकत्र आत येताना पाहून तो उभा राहिला, आणि मग काय झालं असावं ते कळून पुन्हा बसला.

"तू?" धाकटी म्हणाली.

त्यानं तिच्याकडे नाही, वहिनीकडे पाहिलं. "तुझी बारा वर्षं आहेत त्यात."

"मोजायला सांगितली होती का तुला?" मोठी म्हणाली.

"सगळ्यांसमोर ती तुला... मला बघवलं नसतं, वहिनी. मला वाटलं, एकदा होऊन जाईल, पत्र जाईल, मग ही शांत होईल. रात्रीतून तारा पुन्हा जागच्या जागी केल्या असत्या."

"आणि धक्का?" धाकटीनं विचारलं. "त्यावर माणसं चालणार आहेत. खांब आतून पोखरले असते, मग?"

"तू म्हणतेस म्हणून पोखरणार का? ती पण म्हणते की नाही पोखरणार. मला काय कळतं कुणाचं खरं?"

"तुला कळत नव्हतं, तरी तू ठरवलंस."

 तो पंपाकडे पाहत म्हणाला, "तू तरुण आहेस. तुला दुसरीकडे काहीतरी मिळालं असतं. तिला हे सोडून काय आहे?"

 त्या दीड महिन्यात मोठीनं धाकटीला जे जे म्हटलं होतं ते सगळं एकत्र केलं तरी एवढं लागलं नव्हतं.

बोलली ती मोठी. "काय आहे मला?" ती हळू आवाजात म्हणाली, आणि तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "मला माझं काम करता येतं, हे आहे. ते तू आज काढून घेतलंस. ही मला हरवत होती ना, मग हरवू दे! मी तिच्याशी भांडले असते, तिचा प्रत्येक आकडा सोलून काढला असता, आणि शेवटी मानलं असतं नाहीतर नसतं. तू मला खोटं जिंकवलंस. मी तिथं उभी राहून 'सात निबंधांत लिहिलंय तसा' म्हणाले! ऐकलं सगळ्यांनी!"

"वहिनी—"

"मी तुला वाढवलं त्याची ही परतफेड करत होतास काय? नको मला. बंद कर तो पंप आणि वर ये. तारा जागच्या जागी कर. आमच्यासमोर."

तो वर आला. दोघी डोक्याशी उभ्या राहिल्या आणि त्यानं दोन्ही जोड उकलून पुन्हा झाळले. एक जोड खराब झाला. धाकटीनं तो पुन्हा करायला लावला.

मग तो गेला आणि त्या दुपारी मोठी आणि धाकटी लेसरच्या खोलीत चार तास बसल्या. आधी तांबं, मग लेप, मग परत तांबं. तांबं दर वेळी बरोबर आलं, लेपाची रेघ दर वेळी खाली गेली. मोठीनं तीन वेगळे पत्रे आणले, त्यातला एक पाच वर्षांपूर्वीचा. खाली. तिनं पंखे बंद करायला लावले, खारं पाणी नव्यानं तयार केलं, धाकटीला दाराबाहेर उभं केलं आणि एकटीनं करून पाहिलं. खाली. संध्याकाळ होता होता तिनं एक वापरलेला पत्रा तासभर भट्टीत वाळवला आणि तोलला. पहिल्यांदाच वजन कमी भरलं. लेप पाणी पीत होता. जेवढं लोखंड विरघळून जायचं तेवढंच पाणी लेप पिऊन बसायचा, म्हणून ओला पत्रा तोलला की तराजूला काही कळत नसे.

"पत्रे वाळवून का तोलले नाहीत?" धाकटीनं विचारलं.

"वाळवले की लेप तडकतो. म्हणून."

"तडकला तर तडकला असता."

"तू तेव्हा कॉलेजात होतीस," मोठी म्हणाली. "तुझ्याकडून शिकायला तेव्हा सोय नव्हती."

तिनं वहीत वजन लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि पिशवी उचलून निघून गेली. जिन्यात तिचा पाय एकदा चुकल्याचा आवाज आला. धाकटी उठली, पण दारापर्यंतच गेली.

घरी त्या संध्याकाळी मोठीनं ताटं वाढली तेव्हा खटक्याचं ताट घेतलं नाही. थोरल्यानं विचारलं, "आणि तो?" मोठी म्हणाली, "त्याला हातपाय आहेत." थोरल्यानं उठून धाकट्या भावाचं ताट स्वतः वाढून दिलं. त्या घरात त्यानं बायकोच्या मनाविरुद्ध केलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट. धाकटी जेवलीच नाही. ती कपडे भरत होती.

"तू कुठं निघालीस?" मोठीनं दारातून विचारलं. "जायचं तर त्यानं जावं. तू तुझ्या खोलीत राहा. तुझं काम बाकी आहे."

"तुमच्या उपकारावर मी इथं राहणार नाही, ताई."

"मग कर काय करायचंय ते. पण सोमवारी नऊला हजर राहा. साडेनऊला नाही."

धाकटीनं संस्थेजवळ एका शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतली. खटका दर रविवारी तिथं यायचा. सुरुवातीला ती दार उघडायची नाही. नंतर उघडायला लागली, पण त्याला खुर्चीत बसवायची, जशी परक्या माणसाला बसवतात तशी. तो माफी मागायचा. ती म्हणायची, "तू माझ्याकडे मागतोयस, पण त्या दिवशी तू पाहिलंस तिच्याकडे."  चौकशी होऊन त्याला दुरुस्तीच्या खोलीतून काढलं आणि कोठारात बसवलं. मोठीनं त्याच्यासाठी शब्द टाकला नाही. संचालकांनी विचारलं तेव्हा तिनं चौकशीच्या कागदावर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहून दिलं, 'तुझी बारा वर्षं आहेत त्यात' या वाक्यासकट. घरी ती त्याच्याशी बोलत नव्हती. त्याचा शर्ट उसवलेला दिसला की मात्र तो दुसऱ्या दिवशी शिवलेला असायचा.

संचालकांना प्रकरण दाबायचं होतं. "लेप थोडा सुधारून पुढच्या वर्षी पाठवू," ते म्हणाले. "लगेच जाहीर कशाला?"

"छापलं तेव्हा जाहीर छापलं," मोठी म्हणाली. "पेढे तुम्ही वाटले होते." आणि तिनं बंदराच्या अभियंत्याला स्वतः पत्र पाठवलं, संचालकांना डावलून. त्याची प्रत धाकटीच्या टेबलावर ठेवली.

पुढे चार महिने दोघींनी त्या छिद्रांवर काम केलं. लोखंड कुठून सुटतं, कधी सुटतं, किती दाबाला सुटतं. बोलणं कामापुरतं. "पाणी बदल." "किरण फार लांब धरलायस." "लांब नाही, तुम्ही पत्रा तिरका बसवलाय." एकदा मोठीनं भांडं फोडलं आणि खापर धाकटीवर फोडलं, धाकटीनं दोन दिवस किल्ली लपवून ठेवली. आता किल्ली तिच्याकडे असायची. विभागातल्या लोकांना वाटलं होतं आता दोघींचं जमेल. जमलं काहीच नाही. फक्त आता दोघी एकाच पडद्याकडे पाहत भांडायच्या.

शेवटी निबंध लिहून झाला. जुन्या सात निबंधांतलं मुख्य म्हणणं चुकीचं आहे, ते किरणाच्या वळणावरून असं कळतं, वजनानं का कळलं नव्हतं ते असं, हे सगळं त्यात होतं. मसुदा धाकटीच्या हातात आला तेव्हा तिनं पहिलं पान पाहिलं आणि तरातरा मोठीच्या खोलीत गेली.

"तुमचं नाव आधी?"

"हो."

"किरण माझा, मोजमाप माझं, शोध माझा. आणि तुमचं नाव आधी?"

मोठीनं लिहिता लिहिता मान वर केली. "चूक कुणाची आहे?"

"तुमची."

"मग चुकीवर पहिलं नाव माझं येईल. मी ती बारा वर्षं केली आहे. फुकट देणार नाही कुणाला. तुला पहिलं नाव हवं असेल तर स्वतःचं काहीतरी कर, त्यात मी दुसरी सही करते. नाहीतर तेही करत नाही, काय असेल ते बघून ठरवेन."

"तुमच्या सहीवाचून माझं अडलेलं नाही."

"छान. दार लावून जा."

धाकटीनं दार लावलं नाही. सताड उघडं टाकून ती लेसरच्या खोलीत गेली, नवा पत्रा काढला, त्यावर आपल्या हातानं तयार केलेला वेगळा, करडा लेप चढवायला लागली, आणि अर्ध्या तासानं मोठी चष्मा पुसत दारात येऊन उभी राहिली, काय चुकतंय ते पाहायला.